तेरावा खिळा

बाइंडिंगच्या खोलीत तिला सगळे मावशी म्हणत. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा आणि पाठीवर सोनेरी अक्षरं ठसवायची, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. शाळा चौथीतच सुटलेली. इंग्रजी अक्षरं ती आकारावरून ओळखायची. शब्द काय सांगतो याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

एकदा एन्सायक्लोपीडियाचे बारा जाडजूड खंड आले. सहा तिने हातासरशी उरकले. सातव्याचं नाव जुळवताना मात्र एरवीच्या बाराऐवजी अक्षरांचे तेरा पितळी खिळे लागले. पुन्हा मोजले, तरी तेराच. ‘पी’ आणि ‘ई’च्या मधे एक ‘ए’ घुसला होता.

आधीचे सहाही खंड आपण बिघडवले की काय? कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण तिलाच चैन पडेना. पहिला आणि सातवा खंड कवटाळून ती वर संदर्भ विभागातल्या सरांकडे गेली.

सरांनी दोन्ही उघडून पाहिले. “तुमचं काही चुकलं नाही, मावशी. पुढचे खंड जुन्या आवृत्तीतले आहेत. जुन्या स्पेलिंगमधे ‘ए’ असतो, नंतर काहींनी तो गाळला. दोन्ही बरोबर.”

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने आजवर कधी न विचारलेलं विचारलं, “पण याचा अर्थ काय हो?”

“मूळ ग्रीक. एक शब्द वर्तुळाचा, दुसरा मुलांच्या शिक्षणाचा. म्हणजे चहूबाजूंचं शिक्षण. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्या कुणीतरी दोन्ही शब्द चुकून जोडून लिहिले, त्याचा हा एक शब्द झाला म्हणतात.”

“मुलांचंच शिक्षण?”

“आता सगळ्यांचं,” सर हसले. “हा संच इथे तीस वर्षं आहे. आम्ही रोज हाताळतो, पण हा फरक आमच्यापैकी एकालाही दिसला नाही.”

“मी कुठे वाचलं? मी मोजलं.”

“मग आता वाचा. जेवणाच्या सुट्टीत येत जा, मी शिकवतो.”

ती जायला लागली. आधी लाजत, मग वही घेऊन. घरी लेक चिडवायची, “आई, गृहपाठ झाला का?” आणि चुकलं की स्वतःच शेजारी बसून दुरुस्त करायची.

तीन महिन्यांनी तिने खाली काउंटरवर वाचक-कार्डाचा अर्ज मागितला. तो इंग्रजीतच होता.

“लेकीसाठी का, मावशी?” कारकुनाने विचारलं.

“नाही, माझ्यासाठी,” ती म्हणाली आणि तिथेच उभ्याने, सावकाश, अर्ज भरायला लागली.