सुपारीआधीचं ताट

हल्ली लोक मोटरसायकलवर हौसेनं हिंडतात आणि कुठं काय खाल्लं त्याचे फोटो दाखवतात. मला हसू येतं. कुणाचं मिंधं न होता जेवायला आणि पाठ टेकायला जागा शोधणं ही हौस नव्हे, काम आहे. मी ते केलेलं आहे, नवऱ्याच्या फटफटीवर मागं बसून, लेकीसाठी स्थळं बघत.

आमचं गाव जिंतूरच्या पलीकडं. लेक एकच. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत धुमसत होतं ती वर्षं. एसटी कधी बंद पडेल याचा नेम नव्हता, म्हणून जुनी फटफटी घेतली असं नवरा सांगे. खरं म्हणजे गावातून जाताना लोकांनी ओट्यावरून मान वळवावी एवढ्यासाठी घेतली. चढ आला की ती बंद पडे. मग तो ढकली, आणि मी मागून पिशवी घेऊन चाले. तेव्हाही लोक मान वळवत.

आमच्यात रीत अशी की सुपारी फुटेपर्यंत मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी ताटावर बसायचं नाही. चहा चालतो, विडा चालतो. ताट घेतलं की सोयरीक पटली असं समोरचे धरून चालतात. नंतर माघार घेतली तर आमचं खाऊन गेले म्हणून चार गावांत बोंब. नातेवाइकांकडं उतरावं तर त्यांचाही कुणी भाचा, पुतण्या लग्नाचा असतोच. परभणीत नवऱ्याच्या चुलतबहिणीनं आम्हाला धपाटे खाऊ घातले आणि हात वाळायच्या आत तिच्या दिराचा मुलगा समोर आणून बसवला. तो तोंडात बोट घालून दात कोरत होता. त्या दिवसापासून मी ठरवलं, जेवण आणि झोप आपली आपण. आणि ज्या गावात स्थळ असेल तिथल्या स्टँडवर आधी बसायचं. घरचे सांगत नाहीत ते स्टँड सांगतो.

हॉटेलं म्हणजे तरी काय. वर पत्रा, शेवेच्या परातीवर माशा, आणि पाण्याचा गिलास ठेवण्याआधी "कोन तुमी?" ही चौकशी. त्या दिवसांत ती जास्तच. फटफटी बघून मालक साहेब साहेब करत उठायचा आणि मग जात विचारायचा. बाहेर खिळ्याला वेगळे कप टांगलेले. ज्यांना ते मिळत, त्यांनीच ते धुऊन परत टांगायचे. आम्ही आमची जात सांगायचो, पाणी यायचं, मी प्यायचे. मला तेव्हा काही बोलावं वाटलं नाही. तहान लागलेली असे, आणि तो कप माझ्या हातात येणार नव्हता. दुसऱ्यांचं एवढं लिहिते, तर माझंही लिहिलेलं बरं.

लॉजवाले त्याहून हुशार. एकानं माझ्याकडं हनुवटीनं दाखवत नवऱ्याला विचारलं, "ह्या कोन?"

"बायको."

"सगळेच बायको म्हनत्यात."

मी म्हटलं, "वीस वर्षं बायको म्हनायलाय हा मानूस मला. आज तुझ्याकडं येऊन कशाला खोटं बोलंल?" त्यानं किल्ली दिली. गादीत ढेकूण होते, म्हणून मी फरशीवर झोपले.

गंगाखेडला गोदावरीच्या काठी धर्मशाळा आहे. लोक राख घेऊन येतात, त्यांच्यासाठी. रखवालदारानं आम्हाला बघून तोंड पाडलं. "कोन गेलं?"

"कुनी न्हाई."

"मंग राख कुनाची आनली?"

नवरा खोटंच एका चुलत्याला मारायच्या बेतात होता. मी त्याला गप्प केलं. "अवं, लेकीचं लगीन ठरवायला निघालो आन तुमी मानसं मारायलात?" म्हातारा रखवालदार हसला आणि ओसरी दिली. त्या साऱ्या हिंडण्यात मी सगळ्यात चांगली झोपले ती तिथं, मयताच्या लोकांत. त्यांना आमच्याकडून काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सोनपेठच्या अलीकडं एका गावात स्थळ बघायचं होतं. मोठं घर, पाण्याखालचा ऊस, धाकटा मुलगा शिकलेला. नवऱ्यानं मनातल्या मनात लग्नपत्रिका छापून टाकली होती. मी त्याला आधी स्टँडवर थांबवलं. तिथं एका बाईची खानावळ होती. खानावळ म्हणजे तिच्या घराची पुढली खोली, आणि मागं चूल. बाई धट्टीकट्टी, कपाळ मोकळं. ती जात न विचारता तांब्या ठेवून गेली. मग म्हणाली, "कुनाकडं आलात?"

मी घर सांगितलं.

"मोठं घर हाय," ती भाकरी थापत म्हणाली. "त्यांच्या थोरल्या सुनेचा बाप माझ्याकडंच जेवतो."

त्यात नवल नव्हतं. लेकीच्या घरी आमच्याकडं आईबाप जेवत नाहीत.

"तो लेकीला भेटून माघारी येतो. ती येती त्याला गाडीत बसवून द्यायला. मंग हितं चुलीमागं बसती आन चार भाकरी खाती. कुनी बघंल म्हनून बाप दारात उभा ऱ्हातो."

नवरा हसला. "बापाच्या मायेनं जेवन जात असंल."

"मायेनं एक जाती, दादा. चार भुकेनं जात्यात."

मी उठले. बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "चहा घ्यायचा आन निघायचं. ताटावर बसायचं न्हाई." तो म्हणाला, खानावळवालीच्या तोंडाला काय कुलूप. पण बसणार नाही असं कबूल केलं.

घर खरंच मोठं होतं. दारात ट्रॅक्टर, भिंतीवर घड्याळ, आणि आत मटण शिजत होतं. थोरली सून चहा घेऊन आली. पदर नाकापर्यंत. मी तिचा हात बघितला. कप पुढं केला की बांगड्या कोपराकडं घसरत.

मुलाचा बाप बोलघेवडा. "पाव्हनं, ताटं वाढायलेत. नगं म्हनू नका. जमाना कुठं गेलाय, सुपारी काय, नंतर फोडू."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो स्वयंपाकघराकडं बघत होता. आणि हा माणूस, वीस वर्षं माझ्या हातचं खाऊन, मांडी घालून पाटावर बसला.

"मला उपास हाय," मी म्हटलं.

मुलाची आई म्हणाली, "आज बुधवार."

"बुधवारचाच धरते."

"मंग भगर टाकते की."

"निर्जळा हाय, चहापुरता सोडून."

"निर्जळा बुधवार आमी ऐकला न्हाई बया."

"आमच्याकडं असतो."

नवऱ्यानं तीनदा रस्सा घेतला. हाड चोखताना त्यानं डोळे मिटले. तो हात धुऊन येतो न येतो तोच मुलाचा बाप माझ्याकडं वळला. "मंग विहीणबाई, ताट झालं म्हंजी जमलं. सुपारी कवा फोडायची?"

नवरा रुमालानं तोंड पुसत राहिला. खाल्लेलं बोलू देत नव्हतं. हे व्हायचंच होतं. एका ताटावर लेक देऊन मोकळा झाला होता तो.

मी म्हटलं, "ज्यांनी खाल्लं त्यांनला ठिवून घ्या. पोरगी न्हाई मिळायची."

मुलाच्या बापाचा चेहरा उतरला. "आमच्यात काय कमी हाय?"

खरं सांगायचं जिभेवर होतं. थोरली सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सांगितलं असतं तर तिचं चुलीमागचं बसणं बंद झालं असतं, तेवढ्या भाकरीही गेल्या असत्या. म्हणून मी म्हटलं, "पोरगं ठेंगनं हाय."

पोरगं ठेंगणं नव्हतं. चांगलं उंच होतं. सगळ्यांना वाटलं बाई वेडी आहे, आणि ते मला परवडलं.

आम्ही स्टँडवर आलो. तिथं नवरा म्हणाला, "चार गावांत तोंड काळं केलंस."

"तोंडाला रस्सा लागलाय, तो पुसा आधी."

तो फटफटीवर बसून राहिला. मी आत गेले. खानावळवालीनं माझ्याकडं बघितलं आणि परात पुढं ओढली. "किती टाकू?"

"दोन."

मी चुलीमागं बसले, तिथंच. भाकरी गरम होती, पिठलं तिखट होतं. नवऱ्याला मी बोलावलं नाही.

बोंब व्हायची ती झाली. खाऊन गेले आणि मुलाला नावं ठेवली, असं लोक वर्षभर बोलले. त्या थोरल्या सुनेचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

लेक पुढं जिंतूरजवळच दिली, कोरडवाहू घरात. रीतीप्रमाणं मी तिच्याकडं जेवत नाही. भेटते आणि स्टँडवर येऊन हॉटेलात बसते. ती मला गाडीत बसवून द्यायला येते. मी माझ्या ताटातली भाकरी तिच्यापुढं सरकवते आणि बघत राहते. ती चतकोर मोडते, त्यातलाही अर्धा तसाच ठेवते आणि म्हणते, "पोट भरलंय गं आई, किती बघायलीस?"

मग मी गाडीत बसते.