नानांचं मानपत्र

नाना सर कविता वाचून संपवत आणि पुस्तक मिटून विचारत, "कोन बोली ऱ्हायना? कोनले बोली ऱ्हायना?" कोण बोलतंय आणि कोणाला, हे कळल्याशिवाय अर्थाला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. एरंडोलच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवत. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग सहकारी. "वाक्य फार गोड लागलं, तर गिळू नका, चावून पाहा," असं ते म्हणत. उपरोध शिकवताना स्वतः मात्र कधी हसत नसत.

एका वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी वाचनालयाची खोली स्वतःच्या कार्यालयासाठी घेतली. पुस्तकं पोत्यांत भरून जिन्याखाली गेली. नानांनी विनवण्या केल्या, कोणी ढुंकून पाहिलं नाही. तेवढ्यात अध्यक्षांची एकसष्टी आली. आमच्याकडे सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि मानपत्र, आणि मानपत्र लिहायचं ते मराठीच्या शिक्षकानं.

नानांनी लिहिलं, "आपण वटवृक्ष आहात. आपल्या छायेत गवताची काडीही उगवण्याचे धाडस करीत नाही. आपल्यासारखा ज्ञानी असताना ग्रंथांनी जागा अडवावी तरी कशाला?"

"नाना, नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. पन पुस्तकं तरी वर येतीन."

सभेत त्यांनी ते खणखणीत वाचलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगांत बहुतेक त्यांचेच विद्यार्थी होते. अध्यक्षांनी डोळे पुसत नानांना मिठी मारली आणि मानपत्र चौकटीत घालून त्याच खोलीत लावलं.

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "भाऊ, बठ्ठास्नी टाळ्या वाजाड्यात. कोनी हासनं नही. मी जलमभर काय शिकाडं रे?"

त्यानंतर त्यांनी वर्गात "कोन बोली ऱ्हायना?" विचारणं सोडलं. गाइडमधली उत्तरं फळ्यावर उतरवून देत. त्या टाळ्यांची मला आजही चीड येते.

परवा नाना गेले. शाळेत शोकसभा झाली. श्रद्धांजली लिहायचा कंटाळा आला असावा. कोणीतरी भिंतीवरचं मानपत्रच नाव बदलून वाचलं. "नाना सर वटवृक्ष होते. त्यांच्या छायेत गवताची काडीही..." लोक रुमाल काढू लागले.

मला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून, खांदे गदगदेपर्यंत मी हसलो. शेजारी मुख्याध्यापक होते, तेही नानांकडेच मराठी शिकलेले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "सावर, भाऊ. रडू नको."