दिवसभर पुरेल एवढं बोलणं

आप्पांचं स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून ऑपरेशनच्या दिवसापर्यंत आप्पा नुसते बोलत होते. आप्पा म्हणजे माझे वडील. धारूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. साडी दाखवायच्या आधी ते गिऱ्हाइकाच्या गावाची, विहिरीच्या पाण्याची, पोरांच्या सोयरिकीची सगळी चौकशी करायचे. साडी घडी घालून पिशवीत टाकली तरी त्यांचं बोलणं उरलेलंच असायचं. आई म्हणायची, "यांच्या दुकानात कापड फुकट हाय. पैसे घेतात ते बोलायचे."

ऑपरेशनला आत नेताना नर्सने त्यांना गळ्यातलं इष्टलिंग काढायला सांगितलं. त्यांनी ते आईच्या हातात दिलं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आता हे काहीतरी सांगतील, असं तिलाही वाटलं असणार आणि मलाही वाटत होतं. आप्पा म्हणाले, "वरच्या फळीवरच्या चादरी खाली घे. उंदरं हायत तिथं." मग दार बंद झालं. त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य. गावी परतल्यावर आईने सगळ्यात आधी त्या चादरी खाली काढल्या. उंदरं खरंच होती.

ऑपरेशननंतर आप्पांचा श्वास गळ्याखालच्या एका छिद्रातून चालायचा आणि त्यावर पांढरा रुमाल बांधलेला असायचा. जखम भरली, अंगात ताकद आली, पण ते दुकानात जाईनात. पाटी-पेन्सिल आणून दिली, तर पाटी पुसताना उडणारी भुकटी त्या छिद्रात जाऊन त्यांना खोकल्याची उबळ यायची. वही दिली, तर त्यांचं घाईचं अक्षर कुणाला लागत नव्हतं. गिऱ्हाईक वही डोळ्यांजवळ नेऊन बघायचं, आणि मग काही न कळता मान हलवायचं. ती मान हलवणं आप्पांना सहन होत नव्हतं. शेवटी आईच दुकान उघडायला लागली आणि आप्पा घरात खिडकीशी बसून राहू लागले. रस्त्यावरून ओळखीचं कुणी गेलं की ते आत सरकायचे.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. लांबलेली रजा घेऊन आले होते आणि येताना नवा घेतलेला लॅपटॉप आणला होता. पडदा ओढून वेगळा केला की तो टॅब व्हायचा, खाली बसवला की पुन्हा लॅपटॉप. एका सकाळी मी तो चहाच्या टेबलावर उघडा ठेवून आत गेले. परत येऊन बघते तर आप्पांनी तो पुढ्यात ओढून घेतला होता. दोन्ही हातांची बोटं बटनांवर नीट मांडलेली, पाठ ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. बोटं भराभर चालत होती आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा उमटत होता.

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "लग्नाआधी अंबाजोगाईला टायपिंग शिकलेत ते. कचेरीत लागायचं होतं यांना. मामंजींनी दुकानात बसवलं."

इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यात मराठी टाइपरायटरची अक्षररचना घातली आणि लॅपटॉप पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. आप्पांनी थोडं चाचपलं, दोन-चार अक्षरं खोडली, आणि मग पडद्यावर स्वच्छ ओळ आली: "चहा कोणी करणार हाय का न्हाई."

त्या दिवशी घरात पुष्कळ बोलणं झालं. ऑपरेशनपासून साठलेलं सगळं आप्पांनी लिहून काढलं. दवाखान्यातली खिचडी, शेजारच्या खाटेवरचा माणूस, आईने दुकानात लावलेल्या साड्यांचा चुकलेला क्रम. लिहिलेलं वाचून दाखवायची सोयही त्या यंत्रात होती, पण आवाज हिंदी बाईचा. आप्पा जसे बोलायचे तसंच लिहायचे, आणि ती बाई "कावून" आणि "लई" असे काही म्हणायची की आई पीठ मळता मळता थांबून म्हणाली, "ही कोण बया आणून ठेवली घरात?" आप्पांनी लगेच टाइप केलं आणि बाईने वाचलं, "मला सांभाळायला ठेवलीय." आप्पांचे खांदे हलत होते. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, पण खांदे पूर्वीसारखेच हलायचे.

दुसऱ्या दिवशी आप्पा धुतलेलं धोतर नेसून दुकानात गेले. लॅपटॉप काखेत. मी आणि आई मागे. गादीवर बसून त्यांनी अक्षरं मोठी करून घेतली. गिऱ्हाईक आलं की ते टाइप करायचे, खटकन पडदा काढायचे आणि त्याच्यासमोर धरायचे. बघायलाच माणसं जमली. बऱ्याच दिवसांनी भेटलेले लोक काही घ्यायचं नसताना येऊन बसले आणि आप्पांनी कुणालाही कोरडं जाऊ दिलं नाही.

दुपार होता होता, आडसहून आलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला आप्पा ऑपरेशनची हकीकत सांगत होते. तो म्हातारा पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचत होता. मध्येच पडदा काळा झाला. म्हाताऱ्याने बोट उचललं. त्याला वाटलं आपल्याच बोटाने काही बिघडलं. "मी काय न्हाई केलं," तो म्हणाला. आप्पांनी बटन दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. बॅटरी संपली होती.

बाजारात आता तयार कपड्यांची काचेची दुकानं निघाली होती, टेकडीवर मोबाईलचे टॉवर उभे होते, पण दिवसाची वीज अजून आमच्या नशिबात नव्हती. सकाळी जायची ती उन्हं कलल्यावर यायची. दुकानातला इन्व्हर्टर कधीचा बंद पडला होता. शेजारी झेरॉक्सवाल्याचा जनरेटर होता, पण रोज वायर घेऊन कुणाच्या दारात उभं राहणं आप्पांना जमण्यासारखं नव्हतं. त्या दुपारी ते म्हाताऱ्याला हात जोडून उठले आणि घरी आले. दुसऱ्या सकाळी पुन्हा खिडकीशी बसले. लॅपटॉप चार्ज होऊन टेबलावर तयार होता, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी त्या यंत्राच्या मागे लागले. आधी वायफाय आणि ब्लूटूथ बंद केलं. दुकानात इंटरनेट नव्हतंच, तरी ते बिचारं दिवसभर नेटवर्क शोधत बसायचं. मागच्या मागे चालणारे, आम्हाला नावंसुद्धा माहीत नसलेले प्रोग्रॅम बंद केले. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला, आणि लिहिलं नाही तर पडदा लगेच झोपेल असं केलं. कुणीतरी सांगितलं म्हणून काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं करून पाहिली. त्या जातीच्या पडद्याला त्याने काही फरक पडत नव्हता, पण आप्पांच्या डोळ्यांना बरं वाटलं म्हणून तसंच ठेवलं.

मग एक गोष्ट लक्षात आली. त्या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या होत्या, एक पडद्यात आणि दुसरी खाली कीबोर्डात. पडदा जोडलेला असला की तो आधी खालची बॅटरी वापरायचा. आप्पा दर वाक्याला पडदा काढून हातात धरत होते, त्यामुळे तो स्वतःच्याच बॅटरीवर चालत होता. पडद्याची बॅटरी संपली तेव्हा खालची बरीचशी तशीच पडून होती. मी आप्पांना दाखवलं. म्हटलं, पडदा काढू नका, अख्खा लॅपटॉपच गिऱ्हाइकाकडे फिरवा.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि टाइप केलं, "म्हणजे जोडीनं राहिलं की जास्त टिकतं." आईने वाचलं आणि भाकरी उलटली.

फिरवायला सोपं जावं म्हणून आईने पोळपाट उलटा करून त्यावर लॅपटॉप ठेवून पाहिला. तो डगमगला. मग सुताराकडून फिरणारा लाकडी पाट करून आणला. दुकानावर पत्रे होते आणि उन्हाळ्यात ते इतके तापायचे की लॅपटॉप खालून भाकरीसारखा गरम व्हायचा. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते हे मी वाचलं होतं. आईने खणाच्या तुकड्यांची पिशवी शिवली आणि गादीची जागाच हलवून भिंतीच्या बाजूला सावलीत नेली. आप्पांच्या वडिलांपासून गादी दाराशी होती. आप्पांनी त्यावर हरकत घेतली नाही, याचंच मला नवल वाटलं.

सगळ्यात जास्त वीज खायची ती हिंदी बाई, असं आप्पांनी ठरवून टाकलं होतं. खरं तर पडदा जास्त खायचा, पण त्यांना ते पटेना. म्हणून वाचता न येणारं गिऱ्हाईक आलं तरच बाईला बोलवायचं असा नियम झाला. रोजची वाक्यं, म्हणजे "या, बसा", "रंग जाणार नाही", "घरी दाखवून आणा", ही मी एकेका बटनावर बसवून दिली. आप्पा बाकीची वापरायचे. "या, बसा" मात्र दर वेळी स्वतः टाइप करायचे. मी कारण विचारलं तर लिहिलं, "माणूस बघून म्हणायचं असतं ते."

असं करत करत यंत्र दुपार ओलांडायला लागलं. मग चहाची वेळ गाठली. एका दिवशी दुकानाचं शटर ओढलं तरी पडदा जागा होता, आणि आप्पांनी मला रस्त्यातच थांबवून तो दाखवला.

त्याच उन्हाळ्यात, कारखाने बंद होऊन ऊसतोडीची माणसं गावाकडे परतली तेव्हा, एक कुटुंब लग्नाचा बस्ता काढायला आलं. नवरीचे आई-बाप, मामा, आत्या आणि नवरी स्वतः. दरवर्षी आमच्याकडेच येणारी माणसं. आप्पांचं काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं. नवरीच्या बापाने दारातूनच हाक मारली, "काय शेठ, गादी हलवली व्हय?" आणि मग त्याला गळ्याचा रुमाल दिसला.

तो येऊन आप्पांच्या शेजारी बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. आप्पांनी दुसऱ्या हाताने टाइप करून बाईला बोलायला लावलं. त्याला वाचता येत नव्हतं. बाईचा आवाज ऐकून तो दचकला, आत्या तोंडाला पदर लावून हसली, आणि वातावरण जरा सैल झालं.

बस्ता म्हणजे तासा-दोन तासांचं काम नव्हे. मानपानाची लुगडी, टोपी-टॉवेल, नवरदेवाचा पोशाख, सगळं गादीवर पसरलं. आप्पा बोलत होते, बाई वाचत होती, आणि खालच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह हळूहळू रिकामं होत होतं. मी खूण केली. आप्पांनी बाईचा आवाज बंद केला आणि लॅपटॉप नवरीकडे फिरवला. तिने सातवी-आठवीपर्यंत शाळा केली असावी. ती वाकून बापाला वाचून दाखवायला लागली.

तिचं वाचणं छान होतं. तिच्या तोंडून आप्पांचं बोलणं पुन्हा आप्पांच्या बोलण्यासारखं ऐकू येत होतं. "कावून" जिथल्या तिथे पडत होतं. बाप ऐकायचा, उत्तर द्यायचा, आप्पा टाइप करायचे, पोर वाचायची. पातळांचा विषय झाला आणि शालूवर आले. आत्या म्हणाली हिरवा. मामा म्हणाला लाल, लाल कधी फिका पडत नाही. बाप म्हणाला, शेठ म्हणतील तो.

आप्पांनी टाइप केलं आणि पाट फिरवला. पोरीने वाचायला सुरुवात केली, "मला कावून इचारता? नेसणारी…" आणि ती थांबली. मान खाली गेली.

"काय म्हणतेत?" बापाने विचारलं.

 नवरीच्या आईने पुढे होऊन पाहिलं, पण तिलाही वाचता येत नव्हतं. मी वाचणार होते, तर आप्पांनी हाताने मला थांबवलं. पोरीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात पुरं केलं, "नेसणारी समोर बसलीय. तिला इचारा, तिला कंचा आवडला."

 मग बाप म्हणाला, "सांग की. शेठ इचारतेत."

"त्यो निळा," ती म्हणाली. निळा कुणी उघडलाही नव्हता. फळीवर घडीतच होता. आत्या काहीतरी पुटपुटली, पण बापाने हात वर केला आणि माझ्या आईने निळा शालू खाली काढला. आप्पांनी तो स्वतः उलगडला, पूर्वी उलगडायचे तसा, एका झटक्यात गादीभर.

रजा संपल्यावर मी लॅपटॉप तिथेच ठेवून पुण्याला गेले. ऑफिसला मी दुसरा साधा घेतला. पुढे दिवाळीला दुकानात नवा इन्व्हर्टर बसला, हळूहळू वीजही टिकायला लागली, पण उजेड निम्म्यावर ठेवायची आप्पांची सवय गेली नाही. कपिलधारच्या यात्रेलाही ते खणाच्या पिशवीतून लॅपटॉप घेऊन जायचे आणि धबधब्यापासून लांब बसायचे. बरीच वर्षं चालला तो. शेवटी पडद्यातली बॅटरी फुगली आणि लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याने तो पुन्हा चार्ज करू नका म्हणून बजावलं. तोवर आप्पांना टायपिंगची सवय झाली होती. त्यांनी नवा मागवून घेतला आणि बॅटरी किती टिकते हे मला आधी फोनवर वाचून दाखवायला लावलं.

मी गावी गेले की सकाळी दोघांना बघत बसते. आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं, ती सावकाश वाचते. चष्मा शोधते, ओठ हलवते, कधी एखादा शब्द पुन्हा वाचते. तोवर आप्पा गप्प बसून तिच्याकडे बघत असतात. आधीच्या सगळ्या संसारात ते तिचं उत्तर यायच्या आत पुढचं वाक्य बोलून मोकळे व्हायचे. आता ती वाचते, विचार करते, मग बोलते. आणि काही वेळा वाचून झाल्यावर मुद्दामच जरा वेळ लावते.