शंभर डाव, अडीचशे चिंचोके

मी हे लिहिणारच नव्हती. प्रशिक, माझा भाऊ, बोलला, "घर की बात है, मत डाल." दोनदा डिलीट केलं. पण मोठे बाबा दिवाळीनंतर चालले रायपूर सोडून, म्हणून लिहूनच टाकते.

मोठे बाबा म्हणजे पप्पाचे मोठे भाऊ, तुळशीराम. रेल्वेत काटेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलायचे, आता रिटायर, पुरानी बस्तीत राहतात. मोठी आई, शेवंता, चिंच फोडून गोल बाजारात देते, म्हणून घरात पोतंभर चिंचोके.

त्या दिवशी दुपारी मी प्रशिकले ओढतच तिथं नेलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये त्याचं जॉइनिंग, शेवटची तारीख, आणि हा म्हणे जातच नाही. फोनवर व्हिडिओ पोकर खेळून पगार काढीन. त्याची सिस्टम होती, हारलं की डबल लावायचं.

"एक बार तो जीतूँगा ना. सब वापस."

"एकदा म्हणजे कधी?" मोठे बाबा.

"अगला हाथ. नहीं तो उसके बाद."

"पत्त्याले काय माहीत तू मागचे सहा हारला म्हणून? तो दर वेळी नवाच येते."

"लक भी तो होता है."

"हव, होते ना. मग सिस्टम कायले पायजे तुले?"

आतून मोठी आई बोलली, "दोघंही सारखेच. चहा घ्या आधी."

मग मोठ्या बाबांनी डब्यात अडीचशे चिंचोके मोजून टाकले आणि फोनवर फुकटचा पोकर लावला. पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, बाकीचे बदलायचे. गुलामाची किंवा त्याच्यावरची जोडी आली तर लावलेलं परत, दोन जोड्या किंवा मोठं काही आलं तर जिंकलं. शर्त शंभर डावांची, सुरुवात एका चिंचोक्यानं, जिंकलं की परत एकपासून. डबल लावायले चिंचोके पुरले नाही तर प्रशिक उद्या जॉइन करणार. पुरले तर मोठे बाबा या गोष्टीवर पुन्हा एक शब्द बोलणार नाही.

मी खुश. बीएस्सीले स्टॅटिस्टिक्स आहे माझं, मले माहीत होतं हा बुडणार.

बुडलाच नाही. सत्तर डाव झाले, ऐंशी झाले, चिंचोके वाढूनच राहिले. प्रशिक शिट्टी मारून राहिला आणि मी उरलेले डाव मोजून राहिली.

मग एकामागून एक सात हारला. आठवा डाव एकशे अठ्ठावीसचा. तेवढे काढले तर डब्यात सोळा उरले. शिट्टी बंद. त्याचा अंगठा स्क्रीनवर थरथरून राहिला, दाबलाच जाईना. मोठे बाबा पत्त्यांकडे नाही, त्याच्या हाताकडे पाहून राहिले. आणि मी सख्ख्या भावासाठी मनात म्हणून राहिली, हार, हार ना बाबा.

दोन जोड्या आल्या.

शंभर पुरे झाले. मी भांडली. "अजून शंभर खेळवा, हारतेच तो."

"शर्त शंभरची होती, पोट्टी."

"मग तुमी बोला ना त्याले काही."

"शब्द दिला ना मी."

उठले, चिंचोके पोत्यात परत टाकून आले. मले रडूच आलं. तेवढ्यात मोठी आई चहा घेऊन आली. तिनं काही शब्द दिला नव्हता.

"हे पण पहिल्या दिवशी जिंकलेच होते," ती प्रशिकले बोलली. "नागपूरले ड्युटी असली की व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये मशीनवर असेच पत्ते खेळायचे. तुझ्यासारखंच डबल डबल. त्या पैशाची शिलाई मशीन आणली माझ्यासाठी. आठ महिन्यांनी स्वतःच डोक्यावर घेऊन विकायले गेले."

मोठे बाबा रिकामा डबा पुसत बसले. मान पण वर केली नाही. प्रशिकनं चहा तसाच ठेवला.

सकाळी साडेसातले पाहते तर तो शर्ट इस्त्री करून राहिला. काहून रे, मी विचारलं.

"चिंचोके थे, यार," तो बोलला. "और मेरा हाथ काँप रहा था."

दिवाळीनंतर मोठे बाबा पोरीकडे भिलाईले राहायले जाऊन राहिले. तुमच्या घरी कोणाजवळ अशी सिस्टम असेल तर ते जायच्या आधी त्याले त्यांच्याकडे घेऊन जा. चारनंतर ते ओट्यावरच बसलेले असतात. आणि तो सध्या जिंकून राहिला असेल, तर आजच जा.