अठरा अँपिअरचं हळदीकुंकू

मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे, असं आमच्या घरात गेल्या संक्रांतीपर्यंत सगळे मानत असत.

पदवी इलेक्ट्रिकलची, नोकरी मात्र सॉफ्टवेअरची. (गेल्या वीस वर्षांत विजेशी आलेला माझा थेट संबंध म्हणजे आकाशकंदिलाचा बल्ब. तोही बायकोने घट्ट पिळला तेव्हा लागला.) तरी पुण्याहून जपानात, ओजिमातल्या या सरकारी वसाहतीत आल्यावरही माझा मान टिकून होता, कारण मला कुणी काही विचारत नव्हतं.

मग बायकोने, म्हणजे मुग्धाने, संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलं. चार मराठी मैत्रिणी, चार जपानी शेजारणी, आणि त्यांत साक्षात मोरी-सान! मोरी-सान म्हणजे आमच्या इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष. त्या याआधी एकदाच आमच्या दारात आल्या होत्या, तेव्हा त्यांच्या हातात आमचीच कचऱ्याची पिशवी होती. इथे कचरा वेगवेगळा टाकावा लागतो, आणि कुकरचं झाकण मी जाळायच्या कचऱ्यात टाकलं होतं.

"या वेळी आपण शहाणी माणसं आहोत असं त्यांना वाटलं पाहिजे," मुग्धाने बजावलं. "एसी, किटली, राइस कुकर आणि गुळपोळ्यांसाठी हॉटप्लेट, सगळं एकदम चालेल ना? आपला ब्रेकर तीस अँपिअरचा आहे."

"वॅट सांग, वॅट!" मी बाह्या सरसावल्या.

एसी (इथे थंडीत तोच घर गरम करतो) नऊशे, किटली बाराशे, राइस कुकर सातशे, हॉटप्लेट तेराशे. एकूण एक्केचाळीसशे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर, हे मी झोपेतही सांगेन. (सांगतोही, असं मुग्धा म्हणते.) उत्तर आलं अठराच्या आत! कागद फ्रिजवर लावला, खाली 'शिल्लक : बारा अँपिअर' लिहून दोनदा अधोरेखित केलं.

तेवढ्यात इरा, आमची आठवीतली मुलगी, गृहपाठ घेऊन आली. घरातल्या एका उपकरणाच्या पट्टीवरचे आकडे बघून त्याचा रेझिस्टन्स आणि पॉवर काढायची होती. तिने किटली निवडली होती.

"शंभर व्होल्ट, बारा अँपिअर. गुणले की बाराशे वॅट. भागले की आठ पूर्णांक तीन ओहम. बरोबर?"

"वॅट बरोबर. ओहम चूक! चव्वेचाळीस येतात."

"पण बाबा, तुझ्या कागदावर किटलीला पाचच अँपिअर लिहिलेत. किटलीवर तर..."

"इरा, हा विषय मी चार वर्षं शिकलोय!"

(चार नव्हे, पाच. एक वर्ष परत शिकलो.) कागदाच्या तळाशी 'घरी कोणी तपासले' आणि 'नाते' असे दोन रकाने होते. नात्याच्या रकान्यात मी ठसठशीत 'इंजिनियर' लिहिलं आणि सही मात्र अडवून धरली. "चव्वेचाळीस कर, मग करतो." इरा जपानीत काहीतरी पुटपुटली. माझं जपानी कच्चं आहे, हे त्या क्षणी बरंच झालं.

रविवारी पाच वाजता, बाहेर अंधारून येत असताना, पाहुण्या जमल्या. मुग्धा मोरी-सानना कुंकू लावायला पुढे झाली. तिचं बोट कपाळापासून दोन इंचांवर असताना, खट्! घरभर अंधार. दिवे परत लागले तेव्हा कुंकू मोरी-सानच्या नाकावर होतं.

दिवे मीच लावले होते. ब्रेकर दाराच्या वर, आणि आमच्या एकुलत्या एका स्टुलावर हळदीकुंकवाचं तबक. त्यामुळे मी अंधारात उड्या मारून खटका वर ढकलला होता.

"काय झालं रे?" मुग्धाचा दबका आवाज.

"ब्रेकर म्हातारा झालाय. हिशेब चोख आहे!"

तीन मिनिटांनी पुन्हा खट्! पुन्हा उड्या. मोरी-सान अत्यंत सभ्यपणे म्हणाल्या, "दाइजोबु देस्का?" म्हणजे सगळं ठीक आहे ना.

"दाइजोबु!" मी छाती काढून म्हणालो. पण एसी थंड पडला होता आणि पाहुण्या कोट चढवू लागल्या होत्या. मुग्धाचा चेहरा रडवेला झालेला मला दिसला. काहीतरी करायलाच हवं होतं. बारा अँपिअर शिल्लक होते ना! मी हजार वॅटचा हीटर आणला आणि मोठ्या ऐटीत लावला.

या वेळी खट् नव्हे, खटाक्!

"बाबा," अंधारातून इराचा शांत आवाज आला, "तू कितीने भागलंस?"

"दोनशे तीसने. आणखी कितीने भागतात?"

"इथे शंभर व्होल्ट असतात."

मी अंधारातच पुन्हा भागाकार केला. एक्केचाळीस अँपिअर. हीटर धरून एक्कावन्न! घर जपानात आलं होतं, भागाकार पुण्यातच राहिला होता.

इराने मोबाइलचा टॉर्च लावला, हीटर, हॉटप्लेट आणि किटलीचे प्लग काढले, स्टूल मागवलं आणि खटका वर केला. दिवे लागले ते राहिलेच. तेवढ्यात मैत्रिणींनी नावाचा आग्रह धरला. मुग्धाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि उखाणा घेतला :

"चांदीच्या वाटीत तिळाच्या वड्या,
दोनशे तीसने भागून प्रसादराव अंधारात मारतात उड्या!"

इराने त्याचं जपानी केलं. (गरज नव्हती!) मोरी-सान आधी तोंडावर हात ठेवून हसल्या, मग हात काढून हसल्या. जाताना त्यांनी मुग्धाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षीही बोलवा, माझा टॉर्च घेऊन येईन.

पाहुण्या गेल्यावर इराने गृहपाठाचा कागद माझ्यापुढे सरकवला. उत्तर अजूनही आठ पूर्णांक तीनच होतं. मी निमूटपणे सही केली, आणि नात्याच्या रकान्यातलं 'इंजिनियर' खोडून 'वडील' लिहिलं.