वाचून राहिली

डब्याला कान लावून भाऊजी जमिनीवर आडवे पडले होते आणि डबा गप्प झाला होता. पंखा फिरत होता, दिवा लागलेला होता, पण आतली खरखर थांबली होती. माझी धाकटी बहीण शेवंता त्या डब्यात होती. म्हणजे तिचा आवाज होता. ती स्वतः तापाने आधीच गेली होती.

"बोलून नाई राहिला, वैनी," भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं, "कान काढा. कान लावून कोनी जित्तं होत नाई."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली, निवृत्त झाले, आणि बायको गेल्यावर दवनीवाड्याला आमच्याकडे राहायला आले. कान लावणं ही त्यांची खोड होती. मोटरपंपाला कान, फ्रिजला कान, भिंतीला कान. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखलं तेव्हा डॉक्टरच्या आधी यांनी कान लावला आणि सांगितलं, "लाइन चालू हाय." त्या वेळी नवरा वाचला, म्हणून मी काही बोलले नाही.

धान ठेवायच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटरचा एक काळा डबा ठेवला होता. तो दिवसरात्र चालू. त्यात आमची रोवण्याची गाणी होती. रोवणा म्हणजे चिखलात वाकून धान लावायचं काम. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून उचलायची. पुढे म्हणणाऱ्या आम्ही चौघी: मी अनुसया, गिरजा, पारबता आणि शेवंता. भाऊजींनी बांधावर बसून ती कॅसेटवर भरली होती. कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा गाणी डब्यात घातली आणि कॅसेटी फेकल्या. घरातल्या कुठल्याही खोलीत टीव्हीवर, मोबाइलवर ती ऐकता यायची. याला सर्व्हर म्हणतात, असं त्यांनी सांगितलं.

"म्हनजे का जी?"

"वाढपी. जे मागाल ते ताटात वाढते."

"मंग भाताचं पातेलं त्याच्यापाशीच ठेवतो," मी म्हटलं. तेवढं एकदा ते मोठ्याने हसले.

एका उन्हाळ्यात डबा आपोआप खरखरायला लागला. त्यात एक चकती असते, तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं, आणि एक काडी तिच्यावर फिरून ते उचलते, असं भाऊजी सांगायचे. कोणी गाणं लावलेलं नसतानाही ती काडी धावत होती. पुढचा लाल दिवा लुकलुकत होता. "कोनी मागून नाई राहिलं आन् हा वाढूनच राहिला," भाऊजी म्हणाले. चकती अशी धावत राहिली तर लवकर मरते, हेही त्यांनीच सांगितलं.

मी म्हटलं, दुसरी चकती आणा आणि गाणी तिच्यावर उतरवा. दुसरी चकती त्यांनी गोंदियाहून आणलीही होती, पण ती पाकिटातच होती. कारण भाऊजींचा नियम होता. "फॉल्टच्या लाइनवर दुसरं काम करत नाईत, वैनी. आधी फॉल्ट काढा." नियमामुळे त्यांचं नोकरीत चांगलं झालं होतं. इथे तो नडला. हे मी त्यांना तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

त्यांचा दुसरा नियम, डब्याकडे मागतंय कोण ते शोधायला एका वेळी एकच गोष्ट बंद करायची. एक दिवस मुलाचा कॉम्प्युटर बंद. मग दिवसभर कान. दुसऱ्या दिवशी टीव्हीची वायर काढली. पुन्हा कान. मग मोबाइल कोणी वापरायचा नाही. भांडी हळू घासा, जातं फिरवू नका, खोकू नका. माझा मुलगा गोंदियाला दुकानात बसतो, तो तिथल्यासारखा हिंदीत विचारायचा, "काका, हो गया क्या?" काका म्हणायचे, "होईल." सगळं घर दमून गेलं. भाऊजी सगळ्यांत जास्त दमले. त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं आणि गालाची हाडं दिसायला लागली.

असंच एकदा मी त्यांना पाणी घेऊन गेले तेव्हा विचारलं, "काय म्हन्ते तुमची चकती?"

"वाचून राहिली," भाऊजी म्हणाले.

माझ्या जिवावरचा भार उतरला. मी तशीच गिरजाकडे गेले आणि सांगितलं, शेवंता वाचली. गिरजा म्हातारी काठी टेकत आली आणि भाऊजींच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. भाऊजी चिडले.

"अजी, वाचून राहिली म्हनजे पुस्तक वाचतेत तशी! दिवसभर वाचूनच राहिली, म्हनून तं मरून राहिली."

गिरजा म्हणाली, "येवढी शिकली तं नोकरीले लावा तिले." आणि निघून गेली. मी तिथेच बसून राहिले. दिलेली चांगली बातमी परत घ्यावी लागली होती.

शेवटी फॉल्ट सापडला. खरखर सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात चकती मरेल या भीतीने भाऊजींनीच डब्यात एक सोय करून ठेवली होती. चकती किती तापली, बरी आहे की नाही, याचा निरोप घडीघडी लिहिला जावा. तो निरोप गाण्यांच्याच कप्प्यात पडत होता. गाण्यांची यादी ठेवणारा वेगळा प्रोग्राम होता. कप्प्यात काही नवीन आलं की तो पहिल्यापासून सगळी गाणी वाचून काढायचा. तो वाचून संपत नाही तोच पुढचा निरोप.

"मीच पुसून राहिलो होतो तिले, वैनी," भाऊजी म्हणाले. "बरी हायेस का, बरी हायेस का. जबाब देता देता थकली ते."

"आजारी मानसालेही लोक असेच मारतेत," मी म्हटलं. "आता तरी उतरवा गाणी."

त्यांनी निरोप बंद केला. खरखर थांबली. मग पाकीट फोडून दुसरी चकती लावली आणि गाणी उतरवायला घेतली. थोडा वेळ नीट चाललं. मग आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला, आणि भाऊजी कान लावून खाली पडले, ते मी सुरुवातीला सांगितलंच.

चकती त्यांनी नागपूरला नेऊन दाखवली. आतून घासली गेली आहे, काही निघणार नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं. परत आल्यावर भाऊजींनी कान लावणं सोडलं. पंप बिघडला तरी उठायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "काऊन जी, पंप पाहत नाई?" तर म्हणाले, "मेकॅनिकले बोलवा. माझा कान लावल्यानं बिघडते." पुढच्या थंडीत ते गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्या छातीला कान लावून पाहिला. मला काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या चकतीवर जेवढं उतरलं तेवढं मुलाने मला ऐकवलं. गाणी म्हणणारीच्या नावाच्या क्रमाने उतरत होती. अनुसयाची, म्हणजे माझी, सगळी आली. गिरजाचं पहिलं गाणं मध्येच तुटतं. पारबता आणि शेवंता यांचा नंबर लागलाच नाही. माझ्यामागे ओळ उचलणाऱ्यांत शेवंता असेलच, पण कोणता आवाज तिचा ते मला ओळखू येत नाही. गिरजा आणि पारबताही आता नाहीत. चौघींपैकी मी राहिले. चौघींत वाईट आवाज माझा होता.