भरून परतणारी बाटली

आर्याच्या दप्तरातल्या स्टीलच्या बाटलीचा तो जड, डचमळणारा आवाज अजून माझ्या कानात आहे. शाळेतून आली की ती दप्तर सोफ्यावर टाकायची आणि सकाळी भरलेलं पाणी जवळजवळ तसंच आत हिंदकळायचं. भरलेल्या वस्तूकडे आपण समाधानानेच पाहतो. भरलेली बाटली कुणाला का खटकावी?

आर्या माझ्या बहिणीची, सुषमाची मुलगी. तळवलीतल्या त्यांच्या घरात तिच्या शहाणपणाचं फार कौतुक. कुठेही न्या, सू लागली म्हणून ती कुणाला उठवायची नाही. तिची आजी, म्हणजे सुषमाच्या सासूबाई, पाहुण्यांना सांगायच्या, "माजी नात लय शानी हाय. दिसभर लगनात बसंल, पन कुनाला तरास नाय." शरीराची हाक मुकाट्याने जिरवावी, हे मुलींना आपण शाबासकी देऊनच शिकवतो.

ती दुसरीत असताना तिला थंडी वाजून ताप आला. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषधाने ताप उतरला, काही आठवड्यांनी पुन्हा चढला. तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी बेलापूरला, लहान मुलांच्या मूत्रविकारांच्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. असा ताप वारंवार आला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात, एवढं ऐकल्यावर सुषमाचं जेवणातलं लक्षच उडालं.

सोनोग्राफी झाली, आधी मूत्राशय भरलेलं असताना, मग लघवी करून आल्यावर. मूत्रपिंडांचा स्कॅनही झाला. दोन्ही पाहून झाल्यावर डॉक्टरबाई आर्याकडे वळल्या.

"शाळेत सूला कधी जातेस गं?"

"जातच नाय," आर्या ऐटीत म्हणाली. "मम्मी बोलते तिकडे घाण असतं. पाणी कमी प्यायचं, मग लागतच नाय."

सुषमा खाली बघत राहिली. डॉक्टरबाईंचा स्वर मात्र जराही चढला नाही. "टेन्शन घेऊ नका. दोन्ही किडन्या छान आहेत, व्रण नाही. धरून ठेवायची सवय लागलीय, त्यामुळे मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. पाणी द्या, लागो न लागो, दर दोन-तीन तासांनी पाठवा. पोट साफ राहू द्या. ताप आला तर लगेच या. आणि एक करा, या गोष्टीसाठी हिला शहाणी म्हणू नका."

सुषमा तिथेच, पदराआड, मोकळेपणाने रडली. काही अश्रू संकट टळल्यावरच वाट शोधतात.

शाळेतल्या बाईंशी बोलणं झालं. घरी कमोडवर बसताना पाय नीट टेकावेत म्हणून आर्याच्या पायांखाली छोटं स्टूल आलं. पुन्हा ताप आला नाही. पण ज्या घराने तिला गप्प बसायला शिकवलं, ते घर बदललं का, याचं उत्तर मला त्यांच्याकडच्या एका हळदीला मिळालं. पंगत बसत होती, बेंजोवाल्यांचं वाजवणं थांबलं होतं आणि आजींचा खणखणीत आवाज मांडवभर गेला, "ये आर्ये, आदी मुतून ये, मंग जेव."

"आजी, हळू बोल ना."

"हलू कनाला बोलू? दागतरनी सांगलंय."

बायका हसल्या. मग दोन लहान मुली आपसूक उठून आर्याच्या मागोमाग गेल्या.

आता ती शाळेतून येते, दप्तर सोफ्यावर टाकते. रिकामी बाटली कंपासपेटीवर आपटून टणकन वाजते. सुषमा स्वयंपाकघरातून ऐकते आणि पोळी उलटते.